राजीखुशीची सही

माझी अम्मी जन्मानं कराचीची. फाळणीत तिचे वडील अकोल्याहून तिकडे गेले, आणि तिच्या लग्नाची वेळ आली तेव्हा त्यांनी तिला अकोल्यातल्याच आपल्या भाच्याला दिलं. ते माझे अब्बा. गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान होतं. अम्मीच्या व्हिसाची मुदत दर वर्षी वाढायची. नागरिकत्वाचा अर्ज मात्र पडून होता.

मी कॉलेजात होते. कापूस लागोपाठ बुडाल्यानं गावोगावची लग्नं पुढं ढकलली जात होती, दुकानात काम नव्हतं. त्या उन्हाळ्यात नोटीस आली. मुदतवाढ नाकारली आहे, आठवड्याच्या आत देश सोडा.

अकोल्यातले वकील म्हणाले, "मुकाट्यानं जाऊ द्या. नव्या व्हिसावर परत येतील."

"नाही मिळाला तर?" अम्मीनं विचारलं. त्यांनी पुढच्या पक्षकाराला आत बोलावलं.

मग आम्ही अमरावतीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी नोटीस नीट वाचली.

"तिकडं कोण आहे तुमचं?"

"आता कोणीच नाही."

"इकडं पोलिसांत कधी हजेरी चुकवली? अर्ज उशिरा केला?"

"कधीच नाही," अब्बा म्हणाले.

"मंग कावून जायचं? नागपूरले हायकोर्टात स्थगिती मागू. तोवर कोणी न्यायले आलं तर भांडू नका, लपू नका. स्थगितीच्या अर्जाची नक्कल दाखवा. आन् मले विचारल्याबिगर कशावर सही करू नका."

सुनावणीच्याच सकाळी एक जमादार आणि एक महिला पोलीस घरी आले. अब्बा नागपूरला गेलेले. मी नक्कल पुढं केली.

"हा अर्ज हाय. हुकूम कुठी हाय?" जमादार म्हणाले. "मले दुपारच्या गाडीत बसवून द्यायले सांगतलं." त्यांनी एक कागद काढून अम्मीसमोर ठेवला. "इथं सही करा. म्हणजे तरास होत नाही."

अम्मीला मराठी बोलता यायचं, वाचता नाही. तिनं पेन हातात घेतलं.

"अम्मी, थांब."

"पोरी, तू मधात नको पडू," जमादार म्हणाले.

"फक्त वाचून दाखवते." 'मी राजीखुशीनं भारत सोडून जात आहे,' एवढं मी मोठ्यानं वाचलं.

अम्मीनं पेन खाली ठेवलं. "मी राजी नाही," ती जमादारांना म्हणाली.

तरी ठाण्यात जावंच लागलं. बॅग बरोबर घ्यायला लावली. तिथल्या बाकावर अम्मीनं माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. गाडीची वेळ जवळ आली तशी महिला पोलीस उठून उभी राहिली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. जमादारांनी उचलला. "ते ठीक हाय, वकीलबाई. पण मले कागद पायजे."

महिला पोलीस उभीच होती. अखेर आतल्या खोलीतलं फॅक्सचं मशीन घरघरलं. जमादारांनी कागद फाडून घेतला, साहेबांना दाखवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "जा घरी."

अम्मीला पटकन उठता आलं नाही. महिला पोलिसानंच तिला हात दिला.

ती स्थगिती तारखांवर तारखा पडत टिकली. नागरिकत्व मिळेस्तोवर माझं लग्न होऊन मला मुलगीही झाली होती. कलेक्टर कचेरीत शपथ घेऊन अम्मी घरी आली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.