मोडनिंबच्या मावशीचं रिकामं फोल्डर

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफ करा. चौथीपर्यंतच शिकले. माझं नाव छापू नका. भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता...

माझा धाकटा भाऊ दत्ता सोलापुरात भवानी पेठेत लोकांच्या मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायचा. प्रत्येक गाण्याच्या आधी त्याचाच आवाज — "दत्ता म्युझिक, भवानी पेठ!" गेल्या वर्षी तो अचानक गेला. आता दुकानात मी आणि त्याची मुलगी पूजा लोकांचे फॉर्म भरतो.

कॉम्प्युटर भरून गेला, फॉर्म उघडेनात. पूजा म्हणाली, "आत्या, गाणी हार्डडिस्कवर हलव की, तवाच जागा हुईल." ती कॉलेजला गेल्यावर दुपारी मीच बसले. गिऱ्हाइकांच्या नावाची फोल्डरं एकेक करून गेली. एकच हलेना — 'मोडनिंब मावशी'. उघडलं तर रिकामं! तीनदा केलं. चौथ्यांदा दत्ताचा आवाज आला. गाण्यातला दुकानी आवाज नव्हे, घरातला, हळू —

"आक्का, चहा टाक की दोन कप."

स्पीकरची पिन मी सकाळीच काढून ठेवली होती.

संध्याकाळी पूजा हसली, "रिकाम्या फोल्डरला आवाज असतो व्हय? डिलीट करून टाकू." मी उघडून दाखवलं... ती माझा हात धरूनच बसली.

दत्ताच्या ऑर्डरच्या वहीत सापडलं. मावशीने तिच्या वारलेल्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, गायलेल्या भजनाच्या दोन कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला दिल्या होत्या, हजार रुपये ॲडव्हान्स. काम झालंच नव्हतं. कॅसेट ड्रॉवरमध्ये तशाच. उतरवायचं यंत्र दत्ताने कधीच विकलं होतं.

मी मोडनिंबला गेले. कॅसेट दिल्या, जवळ होते ते पाचशे दिले. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं बाई, पोरगं लई ग्वाड हुतं."

दुकानात येऊन फोल्डर उघडलं. एवढंच आलं — "आक्का..."

चहाचं गेलं होतं. उरलेले पैसे दिले की हेही जाणार, हे मला कळलं. मग पाचशेची नोट डब्यात असूनही दोन महिने मी मोडनिंबची एसटी धरली नाही. रोज उघडायचे, रोज ऐकायचे. पण आवाज दिवसेंदिवस दमलेला वाटायला लागला... जिना चढून आल्यासारखा. मला ऐकवेना.

शेवटी मोडनिंबला जाऊन उरलेले पाचशे दिले. परत आल्यावर ते फोल्डर एका झटक्यात हार्डडिस्कवर गेलं. आत काही नाही. पूजानेही ऐकलं होतं, म्हणून भास म्हणता येत नाही. दुसरं काय म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

मावशीचे हजार रुपये मात्र पुरते फिटले.