तिसऱ्या कडव्याआधीचा श्वास

जय ख्रिस्त, मंडळी. दुपारपासून जेवण गोड लागत नाहीये, म्हणून तुम्हालाच सांगतो.

भरे गावात आमचं छोटं चर्च आहे. मी तिथला पाळक, आणि क्वायरही मीच बसवतो. आमच्या सुमनमावशींना दमा होता. एका गीतात तिसऱ्या कडव्याआधी त्या श्वास घ्यायला थांबायच्या आणि त्यांच्यासाठी सगळा क्वायर थांबायचा. उन्हाळ्यात मावशी गेल्या, प्रभूत निजल्या.

आज उपासनेनंतर सरावाला तेच गीत घेतलं. तिसऱ्या कडव्याआधी सगळे थांबले. नवीन आलेली मंगलसुद्धा थांबली, आणि तिनं तर मावशींना कधी पाहिलेलंही नाही.

मी जरा चिडलोच. म्हणालो, “इथं थांबायचं नाही. सलग म्हणा.”

पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. ढोलकीही गप्प झाली. त्या शांततेत मावशींच्या खुर्चीकडून कुणीतरी खोल श्वास घेतल्यासारखं वाटलं. खुर्ची रिकामी होती. 

“मंगल, तुला इथं थांबायला कुणी सांगितलं गं?”

ती बिचारी गोंधळली. “पास्टर, तुमचा हातच थांबतुया की. आमी हाताकडं बघूनच गातोय.”

मी पाहिलं. हात अजून तसाच हवेत होता.

तेव्हापासून घरी एकटाच सराव करतोय. तिसरं कडवं आलं की हात थांबतो तो थांबतोच.

पुढच्या रविवारी हेच गीत आहे. सगळे म्हणतात, आता सलग घ्या. घेईनही. पण मग मावशी श्वास कुठं घेणार, सांगा ना?