सुईनंतर उठलेलं पित्त

घाटकोपरच्या चाळीत आम्ही तिघं राहायचो. मी, आई आणि बायको. बायकोच्या बोटात माशाचा काटा शिरला, बोट पिकलं, तेव्हा डॉक्टरने पेनिसिलीनची सुई मारली. तेव्हा ती नवलाची दवा. संध्याकाळी बायकोच्या अंगभर गांधी उठल्या. आई म्हणाली, "पित्त ता! काल बांगडे खाल्लान मां? सोलां चोळ." कोकमाच्या पाण्याने सकाळपर्यंत उतरलं, आम्ही विसरलो.

पुढच्या थंडीत तिचा घसा सुजला, पाणी गिळवेना. सुई भरता भरता डॉक्टरने विचारलं, "मागच्या सुईने काही त्रास?"

"छे! बोट झकास बरं झालं."

पित्त बांगड्याचं, ते डॉक्टरला कोण सांगतो? मी खोटं बोललो असं मला आजही वाटत नाही.

दवाखान्याच्या पायरीवरच ती मटकन बसली. "अहो, जीव गुदमरतोय." ओठ सुजले, छातीत शिट्टी वाजायला लागली, डोळे फिरले. मी उचलून आत नेली. डॉक्टरने दुसरीच सुई मारली, थोड्या वेळाने आणखी एक. तिचा हात बर्फागत गार होता. बऱ्याच वेळाने श्वास सुरळीत झाला.

मागच्या खेपेच्या गांधींचं मी तेव्हा बोललो, तसा डॉक्टर माझ्यावर खेकसला, "गांधी उठल्या होत्या ते आता सांगता? ही दवा हिला पुन्हा दिली तर जीव जाईल. जाल तिथे आधी हे सांगायचं."

सांगणार कोण? दवाखान्यात ती तोंड उघडायची नाही. दुखणं तिचं, बोलायचो मी. आणि त्याच साली ती पहिल्या बाळंतपणाला कोकणात माहेरी निघाली. तिथला डॉक्टर आल्यागेल्याला सुई मारणारा.

मी रोज तिला बसवायचो. "मी डॉक्टर. बोल."

"पेन्शलीन..." की पदर तोंडाला. "असला गंजीफ्रॉकातला डॉक्टर असतो होय?"

"हसतेस काय? मरशील!"

"ओरडू नका हो. तिथे सांगेन ना."

बोटीवर चढताना पुन्हा म्हटलं, एकदा बोलून दाखव.

"अहो, लोक बघतायत," म्हणाली आणि मान खाली घालून चढून गेली.

सुईणीनेच सगळं निभावलं, डॉक्टर लागलाच नाही, हे ती पोर घेऊन परत आली तेव्हा कळलं. मधल्या महिन्यांत चाळीत तारवाला शिरला की तार तिच्या माहेरची तर नव्हे, म्हणून मी दारात यायचो. तो दुसऱ्याच्या दारात थांबेपर्यंत मी चौकट धरून उभा असायचो.