बारक्या दिव्यांचा हिशेब

दिव्याचं अंतर विचारल्याशिवाय त्याला दिवा म्हणायला तयार नसलेला माणूस अख्ख्या हिंगोली मुलखात एकच होता, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. मामंजी आमच्याच गोरेगावात मास्तर. इंग्रजी मासिकं वाचून त्यांना दीर्घिकांचं वेड लागलेलं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची गावं, हे त्यांनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, मी भाकरी थापत असताना सांगितलं. आणि तिसऱ्या दिवशी चुलीजवळची रॉकेलची चिमणी उचलून ती लांबून कशी दिसते ते बघायला शेताच्या बांधावर नेऊन ठेवली. "मोकळ्या आभाळात लांबचं ठळक तेवढंच दिसतं, सूनबाई. वाटतं, जग सारं ठळकांचंच. पण जिथं दीर्घिकांचा पुंजका असतो, तिथल्या साऱ्या आपल्यापासून सारख्याच लांब. तिथं बराबर हिशेब लागतो. मोठ्या दोन-चार, बारक्या मायंदळ!" इकडे अंधारात भाकरी करपली ती करपलीच. कुणाच्या लग्नाला गेले की पंगत सोडून माळावर जायचे आणि मांडवातल्या गॅसबत्त्या नि कंदील न्याहाळत बसायचे. सोयऱ्यांना वाटे, पाहुणे रुसले. मग समजूत काढायला जायचं मी.

अठ्ठेचाळीस साली मात्र लांब दिवा दिसला की आम्ही आधी आपला विझवायचो. रझाकारांच्या धाडींच्या धास्तीनं जाऊबाई लेकरांना घेऊन वऱ्हाडात, वाशिमला गेलेल्या. जरा निवळल्यावर त्यांना आणायला माझे यजमान गेले, ते परतलेच नव्हते. एका दिवेलागणीला वाशिमच्या वाटेवर दिवेच दिवे दिसले. गावानं दारं लावली. शेजारची फातिमाबी लेकरू कडेवर घेऊन आमच्याकडे धावत आली. मामंजी माळवदावर उभे.

"मामंजी, खाली या हो!" मी ओरडले.

"काहून भिऊन राहिलीस? धाडीच्या मशाली साऱ्या एकसारख्या राहतात. ह्या पुंजक्यात गॅसबत्ती एक, बाकी बारके न् बारके. लेकरंबाळं घेऊन लोक घरी येऊन राहिले. तवा ठेव."

मी तवा ठेवला. गाड्या आल्या, जाऊबाई उतरल्या, लेकरं उतरली. सगळ्यांत शेवटी, काच काजळलेला, विझू विझू झालेला कंदील घेऊन माझे यजमान. जीव भांड्यात पडला. मी रडत सुटले, फातिमाबी हसत सुटली. मामंजी मात्र खट्टू होऊन म्हणाले, "तुझा कंदील मला वरून दिसलाच न्हाई रे."

मामंजी जाऊन आता फार वर्षं झाली. त्यांच्याइतकं मला कुणी पिडलं नाही आणि त्यांच्याइतकी आठवणही कुणाची येत नाही. वाटेवर दिवे दिसले की मी अजून बारके शोधते. आणि सगळे घरी पोचले तरी दार थोडा वेळ उघडंच ठेवते, न दिसलेल्या एखाद्यासाठी.