लाल खडूची फुली

आमच्या डेअरीत कच्चं दूध एक दिवसही ठेवत नाहीत. किस्से मात्र वर्षानुवर्षं पडून आहेत आणि एकही नासलेला नाही. सकाळची पाळी संपली आणि चारजण चहाला बसले, की कुणीतरी एखाद्या जुन्या किश्श्याचं झाकण उघडतंच. संगमनेरजवळच्या या डेअरीत मी बारा वर्षं केमिस्ट आहे. माझ्याकडे जमलेले निम्मेअधिक किस्से एकाच माणसाच्या नाकाचे आहेत, आणि ते सांगताना मला आपल्याच घरातल्या माणसाचं कौतुक सांगतेय असं वाटतं.

त्या माणसाला सगळे नाना म्हणतात. नाना डॉकवर असतात. डॉक म्हणजे गावोगावच्या टेम्पोतून दुधाचे कॅन उतरतात तो ओटा. काम एवढंच, झाकण उचलायचं, वास घ्यायचा, झाकण ठेवायचं. दूध चांगलं असेल तर कॅन पुढे सरकतो. नसेल तर नाना खिशातून लाल खडू काढतात आणि कॅनवर फुली मारतात. फुली म्हणजे दूध परत. आजवर एकही फुली पुसलेली मी पाहिली नाही.

*

माझा पहिला दिवस. नवी नोकरी म्हणून भिंगारहून निघताना आईने हौसेने सेंट फवारला होता. मी डॉकवर जाऊन उभी राहिले आणि नानांचा हात थांबला. एक कॅन उघडला, ठेवला. दुसरा उघडला, ठेवला. मागे टेम्पोंची रांग लागली, हमाल एकमेकांकडे बघायला लागले.

शेवटी नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, जरा वाऱ्याच्या पल्याड उभ्या ऱ्हाता का? सगळ्या गायी मोगरा खाऊन आल्यागत वाटत्यात."

त्या दिवसापासून मी सेंट सोडला. लग्नातसुद्धा लावला नाही. नवऱ्याला अजून वाटतं की मला सेंटची ॲलर्जी आहे.

*

अकोले बाजूचा एक शेतकरी. नानांनी त्याच्या कॅनचं झाकण उचललं आणि लगेच ठेवलं.

"गाईला कांद्याची पात घातलीस."

"न्हाई ओ नाना. घास घातलाय, हिरवागार."

"घास सकाळी घातलास. पात काल सांच्याला, धार काढायच्या आदी."

शेतकऱ्याने स्वतः झाकण उचलून वास घेऊन पाहिला. मग म्हणाला, "तुमी काय गोठ्यात बसून हुता व्हय?"

*

आमच्या एका संचालकांना सगळे आबा म्हणतात. मोठे बागायतदार, आवाज त्याहून मोठा. एकदा त्यांच्याच गोठ्यातल्या कॅनवर फुली पडली. त्यांचा ड्रायव्हर घाबरला. "नाना, आबांचा कॅन हाय हा. संचालक हायत ते."

नाना म्हणाले, "मी आबांचा वास घेतलाय का? कॅनचा घेतलाय."

ड्रायव्हरने जसंच्या तसं आबांना सांगितलं. आबांनी त्या दिवशी कॅन सोड्याने धुऊन, उन्हात वाळवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डॉकवर आले. नानांनी वास घेतला, कॅन पुढे सरकवला. आबा जाताना हसत होते.

*

आता आमच्या लॅबची एक खोड सांगते, कारण पुढे तिचं काम आहे. दूध तपासणाऱ्याला तपासायचं असेल तर आम्ही सॅम्पलमध्ये गुपचूप जोडी घालतो. एकच दूध दोन बाटल्यांत, दोन वेगळे नंबर. तपासणारा दोन्हींना वेगळा शेरा देऊन मोकळा झाला, की समजायचं तो अंदाजपंचे करतोय.

मी नानांपुढे पहिल्यांदा दहा बाटल्या ठेवल्या, त्यात एक जोडी. नानांनी सगळ्या हुंगल्या आणि दोन बाटल्या उचलून शेजारी शेजारी ठेवल्या. म्हणाले, "ही भावंडं ताटातूट करून कशापाई ठिवली?"

*

एवढं नाक, पण त्याला सर्दी झाली. गेल्या थंडीत एकदा पहाटे नाना डॉकवर आले, मला हाक मारली आणि म्हणाले, "ताई, आज नाकात काय शिरंना. आज माझ्यावर भरवसा ठिवू नका." तीन दिवस ते डॉकच्या खाली बाकावर बसून राहिले. एकाही कॅनला हात लावला नाही. कुणाला कळलंही नसतं, पण त्यांनी आपणहून सांगितलं.

आणि तेच त्यांच्या अंगाशी आलं. आमचे नवे एमडी हुशार, शिकलेले, मनाने वाईट नाहीत. त्यांनी दूध तपासायचं परदेशी मशीन आणलं होतं. सर्दीची हकिगत ऐकून ते म्हणाले, "नाकाला सर्दी होते. मशीनला होत नाही."

पुढच्या बोर्ड मीटिंगच्या कागदावर विषय क्रमांक चार आला, 'डॉकवरील वास तपासणी बंद करणे'. नानांची बदली गेटवर, गाड्यांचे नंबर लिहायला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मी कागद हातात धरून डॉकवर गेले. नानांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

"गेटवर धूळ लई असती ताई," एवढंच म्हणाले आणि पुढचं झाकण उचललं.

मला फार वाईट वाटलं. मशीन फॅट सांगतं, पाणी सांगतं, आणि ते चांगलंच सांगतं. पण काल संध्याकाळची पात त्याला कशी कळणार, हे मी लिहून दिलं, तर 'हे आकड्यांत मांडा' असा शेरा मारून ते परत आलं.

*

मीटिंग सोमवारी होती. त्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी वाईनचा कार्यक्रम झाला.

डेअरी चीज काढणार होती. त्याच्या उद्घाटनाला मोठ्या हॉटेलांचे लोक येणार, त्यांना चीजबरोबर वाईन द्यायची. फ्रान्सची की इटलीची, यावर एमडी आणि आबा यांच्यात जुंपली. आबा टूरबरोबर इटली पाहून आले होते, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. एमडींनी फ्रान्समध्ये शिक्षण घेतलेलं, त्यामुळे त्यांचाही शेवटचा! शेवटी ठरलं, लेबलं झाकून चव घ्यायची. पुण्याहून एक वाईनतज्ज्ञ बोलावले. नाताळात आमच्या घरी काळ्या द्राक्षांची वाईन करतात हे एमडींना माहीत होतं, म्हणून ग्लास भरून नंबर टाकायचं काम माझ्याकडे आलं.

बाटल्या सहा, तीन फ्रान्सच्या, तीन इटलीच्या. मी ग्लास मांडले सात. सवयच आहे, जोडी घातली. प्रत्येक ग्लासखाली नंबराचा पांढरा कागद.

तेवढ्यात एमडींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी नानांना बोलावून घेतलं. "नाना, तुमच्या नाकाची आज परीक्षा."

"साहेब, मी पीत न्हाई."

"प्यायचं नाही. वास घ्यायचा."

"मग हरकत न्हाई," नाना म्हणाले आणि हात धुऊन आले.

आधी तज्ज्ञांनी चव घेतली. घोट तोंडात खेळवायचा, थुंकायचा, लिहायचं. आबांना थुंकणं पटेना, त्यांनी सातही ग्लास संपवले आणि सगळ्यांना सारखेच मार्क दिले. तज्ज्ञांनी दोन नंबरची फ्रान्सची म्हणून वाहवा केली आणि सहा नंबरला इटलीची म्हणून नापास केलं. चार नंबरपाशी ते डोळे मिटून थांबले. "जुनं तळघर, ओली माती. याला म्हणतात चवीची खोली." एमडींनी माझ्या वहीत चार नंबरची ओळ बघितली आणि ते खुलले. चार नंबरची वाईन त्यांनी स्वतः खास मागवलेल्या फ्रेंच बाटलीतली होती.

मग नानांसाठी मी नवे ग्लास भरले. नाना ओळीने पुढे गेले. सातही ग्लासांना मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. नंतर त्यांनी दोन आणि सहा नंबरचे ग्लास उचलून शेजारी शेजारी ठेवले.

"ही एकाच कॅनची हायत," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तुमची खोड काय जात न्हाई ताई."

मी वही उघडून दाखवली. दोन आणि सहा, एकच बाटली. तज्ज्ञांनी आपला कागद उलटा करून ठेवला. मला आतून इतका आनंद झाला की लपवता आला नाही.

"मग देश कुठला, नाना?" एमडींनी विचारलं.

"देश मला कळत न्हाई साहेब. मला एवढंच कळतं, काय ठिवायचं आन् काय परत धाडायचं." असं म्हणून त्यांनी सवयीने खिशातला खडू काढला आणि चार नंबरच्या कागदावर लाल फुली मारली. "ओल्या बारदानाचा वास मारतोय. लई दिस वलं ऱ्हायलेलं."

एमडींचा चेहरा उतरला.  तज्ज्ञांनी त्या बाटलीचं बूच मागून घेतलं आणि नाकाशी धरलं. मग ते बूच त्यांनी एमडींच्या हातात दिलं.

"बुचाचा दोष आहे. बाटली खराब निघाली," ते म्हणाले. "मी याला खोली म्हणालो." आणि तिथेच, सगळ्यांदेखत त्यांनी वाकून नानांना नमस्कार केला.

एमडी बूच हुंगत बसले. नानांचा टेबलावर राहिलेला खडू उचलून त्यांनी बोटांत फिरवला.

सोमवारी पहाटे मी डॉकवर गेले, तर नाना खिसे चाचपत होते. "ताई, लॅबमदी खडू हाय का एखादा? माजा साहेबांकडंच ऱ्हायला."

मी खडू आणून दिला.

अकरा वाजता बोर्डाची मीटिंग सुरू झाली. पहिले तीन विषय मंजूर झाले. एमडींनी कागद उलटला. लॅबचा अहवाल वाचायला मला बोलावलं होतं आणि माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच होती, त्यामुळे मला दिसलं. विषय क्रमांक चारवर लाल फुली होती.

"विषय क्रमांक पाच," एमडी म्हणाले.