ॲल्युमिनियम पुरेसं होतं, करंट अडत होता

शेठनी परत आलेला रोल माझ्या टेबलावर आदळला. "पाटीलभाई, आ शुं छे? पार्टी कहे छे, रेझिस्टन्स वधारे छे!"

नव्वदच्या दशकात मी सुरतेत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोल पाहायचो. व्हॅक्यूम चेंबरमध्ये ॲल्युमिनियमच्या वायरची वाफ करून प्लास्टिक फिल्मवर तिचा थर बसवायचा, हे आमचं काम. जरीच्या फिल्मला नुसती चमक पुरते. हा रोल कपॅसिटरसाठी होता. थरातून करंट नीट वाहायला हवा. मी मीटर लावला. रेझिस्टन्स दुप्पट.

शेठचा निकाल तयार होता. थर पातळ, म्हणजे वायर कमी घातली, म्हणजे ऑपरेटर सुकलालने विकली. त्याने उद्यापासून येऊ नये.

सुकलाल धुळ्याकडचा, सुरतेतच नवागामला राहायचा. आधी बमरोलीत लूमवर होता. "वायर मी चोरी नही, भाऊ. पोरेसनी आण."

"आण-शपथ नको, वजन करू," मी म्हटलं.

चांगल्या आणि परत आलेल्या रोलचे सारखे तुकडे कापून तोलले. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम विरघळवलं, तुकडे वाळवून पुन्हा तोलले. दोन्हींतली घट सारखीच. वायर पूर्ण पडली होती.

मग करंट अडतो कुठे? धातूचा थर आतून दाण्यादाण्यांचा असतो. दाणे मोठे असले तर करंटला थोडेच उंबरठे ओलांडावे लागतात. दाणे बारीक, वेडेवाकडे बसले की उंबरठेच उंबरठे. चेंबरमध्ये पाण्याचा अंश राहिला की असं होतं. तो ॲल्युमिनियमला गंजवतो, दाणे वाढू देत नाही.

पण पाणी आलं कुठून? मी फिल्मच्या गोदामात गेलो. फरशी ओली होती.

"हे कोणी केलं?"

"मीच," सुकलाल म्हणाला. "लूमवर रोज पानी मारूत ना! नही तं धागा तुटस."

"इथे धागा कुठाय, बाबा?"

गोदामातला दमटपणा फिल्म पीत होती आणि चेंबरमध्ये सोडत होती.

शेठना पटेना. "करी बतावो."

मी गोदामातले कोरे रोल कोरड्या, गरम खोलीत ठेवून सुकवले आणि मग त्यांवर थर चढवला. ऑपरेटर तोच, वायर तेवढीच, फक्त फिल्म कोरडी. मीटरचा आकडा जागेवर आला. शेठनी स्वतः दोनदा मोजून पाहिलं आणि हसले, "चोर नथी, माळी छे!"

सुकलालची नोकरी राहिली. माझ्या सगळ्या नोकरीत मला याच चाचणीचा सगळ्यांत जास्त अभिमान आहे. रेझिस्टन्स वाढला, एवढंच मीटर सांगतो. कोणामुळे, हे त्याला विचारू नये.