म्हशीच्या गळ्यातलं घड्याळ

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली पुण्याच्या एक बाई बारामती-इंदापूरच्या गावांतून हिंडत. दारू आणि मेंदू यांवर त्यांचं संशोधन चालायचं. काटेवाडीला आमच्या गोठ्यात बसून, फ्लॉवरचा गड्डा हातात धरून त्या मेंदू समजावत आणि दर वाक्याला "पटतंय ना?" विचारत. 'दारुडा' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी आला नाही.

आमचे हे, म्हणजे मालक, तेव्हा फार प्यायचे; त्यांना बाईंनी डिजिटल घड्याळ दिलं होतं. ते वाजलं की प्यावंसं किती वाटतंय, हे जवळच्या माणसाला खरंखरं सांगायचं. मालकांनी वैतागून ते म्हशीच्या गळ्यात बांधलं.

पुढच्या खेपेला बाई आल्या आणि नेमकी म्हैस वाजली. मला तोंड कुठं लपवू झालं. बाई म्हशीपुढं उकिडव्या बसल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "काय वाटतंय आत्ता?"

मालक हसायला लागले. हसता हसता मटकन खाली बसले.

"तिला न्हाय बाई, मला वाटतंय. लय वाटतंय."

बाई त्यांच्याकडं वळल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या.

घड्याळाचा सेल कधीच संपला. अजूनही धार काढताना हे मधूनच हाक मारतात, "अगं, आज वाटतंय." मी हातातलं काम टाकते आणि बाईंसारखी उकिडवी बसते.